ओठांवर प, ब आणि म सारखेच दिसतात

प, ब आणि म हे तीन आवाज तोंडात एकाच जागी तयार होतात. दोन्ही ओठ मिटायचे, उघडायचे, झालं. पहिल्या वर्षी मॅडमनी एवढं शिकवायला दोन तास घेतले. मला वाटलं, ह्यात शिकवण्यासारखं काय आहे, तोंड तर जन्मापासून आहे.

मग त्यांनी गळ्यावर बोटं ठेवायला लावली. 'प' म्हणताना गळा गप्प राहतो, 'ब' म्हणताना आत थरथर होते. म्हणून प अघोष आणि ब घोष. आता नाक चिमटीत धरा आणि 'म' म्हणा. निघत नाही, कारण 'म'ची हवा नाकातून जाते. वर्गात आम्ही अठरा मुली एका हातानं गळा आणि दुसऱ्या हातानं नाक धरून बसलो होतो. शिपाईमामा पाण्याचा जार घेऊन आले, आमच्याकडं बघितलं आणि जार दारातच ठेवून निघून गेले.

हा स्पीच थेरपीचा कोर्स. ज्यांना बोलता येत नाही, नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी काम करायचं. आमच्या गल्लीत हे सांगितलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "बोलायला शिकवायचा पन कोर्स असतो व्हय? हिला तर कमी बोलायचा लावायला पायजे होता." मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या आठवड्यात कागदाची पट्टी आली. ओठांसमोर धरायची आणि 'क' म्हणायचं, मग 'ख' म्हणायचं. 'ख'ला हवेचा झोत सुटतो, पट्टी हलते. तो महाप्राण. माझी पाळी आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "शब्दात म्हण. 'कुठं' म्हण."

मी म्हणाले. पट्टी हलली नाही.

"हे 'कुटं' झालं."

मी परत म्हणाले. पट्टी ढिम्म. तिसऱ्यांदा एवढा जोर लावला की पट्टी हातातून उडाली आणि पुढच्या मुलीच्या मानेवर थुंकी उडाली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. माझी आई मंद्रूपची, वडील तिकडचेच. आमच्या घरात 'तुमी', 'आमी', 'कुटं' असंच बोलतात आणि आजवर ह्यामुळं कुणाचं काही अडलं नव्हतं. मॅडम स्वतः करकंबच्या, म्हणजे आमच्याच भागातल्या. पुढं एकदा प्रोजेक्टर बंद पडला तेव्हा त्या शिपाईमामांवर ओरडल्या, "वायर कुटं हाय?" अठरा पट्ट्या असत्या तरी एक हलली नसती. पण तो विषय वेगळा.

सत्राच्या शेवटी एक काम दिलं. एका नॉर्मल प्रौढ व्यक्तीच्या बोलण्याची नोंद करायची. वीस शब्द म्हणून घ्यायचे, कुठला आवाज कसा निघाला ते लिहायचं. मग त्याच व्यक्तीला शब्दांच्या वीस जोड्या ऐकवायच्या, पान-मान, बाळ-माळ, पोळी-मोळी, आणि शब्द सारखे की वेगळे ते विचारायचं. दहा मार्क. फॉर्मवर सगळ्यात वर रकाने होते. वय, मातृभाषा, व्यवसाय, ऐकणं. शेवटच्या रकान्यात सगळ्या मुलींनी वर्गात बसूनच 'नॉर्मल' लिहून टाकलं. मीपण लिहिलं. पेनानं.

मी आईला धरलं, कारण ती घरात होती. वडील अशा कामाला मिळत नाहीत. त्यांना विचारलं तर त्यांनी "मी नॉर्मल हाय हे कुनी सांगितलं?" असं म्हणून पेपर उघडला.

आई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरते. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. शेडमध्ये एकाच छपराखाली माग चालू असतात आणि त्याच्याच एका कडेला कांड्यांची मशीनं. मी शाळेत असताना डबा द्यायला जायचे, तेव्हा दारातच छातीत धडधड सुरू व्हायची. तिथं कुणी ओरडून बोलत नाही, कारण ओरडून उपयोग नसतो. बायका तोंड मोठं करून, आवाज न काढता बोलतात. ह्या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेची सगळी कुलंगडी सांगते आणि मधे उभ्या असलेल्या मुकादमाला पत्ता लागत नाही. पंचवीस वर्षं आई तेच करत आलेली.

ह्या भाषेचं व्याकरण पक्कं आहे, फक्त प-ब-मचा घोटाळा आहे. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. दाराजवळच्या मशीनवरच्या मावशीनं लांबून तोंड हलवून आईला सांगितलं, "तुझे मामा गेले." आईला दिसलं, "तुझे बाबा गेले." आई मशीन तशीच सोडून रडत रिक्षानं माहेरी मंद्रूपला पोचली. माझे आजोबा ओट्यावर बसून भाकरी खात होते. त्यांनी विचारलं, कोण गेलं? कोणीच गेलं नव्हतं. मामा आईला भेटायला कारखान्यावर आले होते आणि गेटवरनंच परत गावाला गेले होते. आजोबा नंतर बरीच वर्षं जगले, पण त्या मावशीशी कधी बोलले नाहीत. कॉलेजात प-ब-म शिकवल्यावर मला ह्या गोष्टीचं शास्त्र कळलं. ओठांवर तिन्ही सारखे दिसतात. फरक गळ्यात आणि नाकात असतो आणि ते लांबून दिसत नाही.

रविवारी दुपारी आईला समोर बसवलं. वीस शब्द तिनं छान म्हटले. मग जोड्या. नियम असा की ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचं तोंड दिसता कामा नये. मी एक जुनी लग्नपत्रिका घेतली, तोंडासमोर धरली आणि म्हणाले, "पान, मान. सारखे का वेगळे?"

आई गप्प.

"आई, पान, मान."

"ते तोंडावरचं काढ आदी," आई म्हणाली.

"नाही काढायचं. तसाच नियम आहे."

"काढ की गं. पत्रिका धरून काय बोलतीस? लाज वाटती व्हय?"

मी पत्रिका काढली. तिनं पटापट उत्तरं दिली. पत्रिका धरली की ती माझ्या कपाळाकडं बघत बसायची. मला वाटलं मुद्दाम करतेय. आमच्या घरात हे ठरलेलंच होतं की आई ऐकत नाही. वडील म्हणायचे, "तिला ऐकू येतं. ती ऐकत न्हाय. ह्यात फरक हाय." मी भडकले. पत्रिकेमागून म्हणाले, "आई, घराला आग लागली आहे."

"सारखे," आई म्हणाली.

माझ्या हातातली पत्रिका तशीच राहिली. मी परत म्हणाले, जरा मोठ्यानं, "आई, मी पळून जाऊन लग्न केलंय."

"हे येगळे," आई म्हणाली आणि उठून चहा टाकायला गेली. तिच्या मते पेपर सोपा होता.

मी तिथंच बसून राहिले. मी भ्याले होते, हे सरळ सांगते. गेल्याच महिन्यात कारखान्याच्या गेटात एक टेम्पो हॉर्न देत मागं येत होता आणि कुणीतरी आईचा पदर धरून तिला ओढली होती. घरी येऊन तिनं सांगितलं, ड्रायव्हर आंधळा होता. आम्ही सगळ्यांनी त्या ड्रायव्हरला शिव्या दिल्या होत्या. रोज दोन वेळा ती त्याच रस्त्यानं चालत जाते. तिच्यामागून काय येतंय ते तिला कळत नव्हतं आणि हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि नीट ऐकू न येणाऱ्यांसाठी काम करायचं म्हणून मी रोज कॉलेजात जात होते. काखेत कळसा, गावाला वळसा.

त्या आठवड्यात मी आईला कॉलेजात नेलं. खरं सांगितलं असतं तर ती आली नसती, म्हणून सांगितलं की फॉर्मवर शिक्का लागतो. कान तपासायची खोली म्हणजे जाड गादीच्या भिंतींची एक कोंदट खोली, मधे काच. काचेच्या आत पेशंट, बाहेर मशीन आणि आम्ही. पेशंटला काचेला बाजू करून बसवायचं असतं. मॅडमनी खुर्ची तशी लावून दिली. मॅडम बाहेर आल्या तोवर आईनं खुर्ची फिरवून सरळ आमच्याकडं तोंड केलं होतं. "मास्तरीनबाईकडं पाट करून बसू व्हय? बरं दिसतंय का?" ती म्हणाली. मॅडमना ते फार आवडलं. त्या म्हणाल्या, "राहू दे गं."

हेडफोनमधून कानात आवाज आला की बोट वर करायचं. मॅडम बटण दाबायच्या आणि आईचं बोट लगेच वर. अगदी बारीक आवाजाला पण वर. मॅडम म्हणाल्या, "आईचे कान तर तुझ्यापेक्षा चांगले आहेत." मला एवढं हलकं वाटलं की मी देवाला नारळ बोलून टाकला. रविवारी मी तोंडातल्या तोंडात बोलले असेन, पत्रिका जाड असेल, काहीही असेल.

मग शब्दांची चाचणी. मी माइकवर शब्द वाचायचे, आईनं आतून तोच शब्द म्हणायचा. पंचवीस शब्द. यादी तीच, जी मी आठवडाभर स्वयंपाकघरात तिच्यासमोर पाठ करत होते, फक्त क्रम बदललेला. आईनं पंचवीसपैकी एकवीस बरोबर सांगितले. चार चुकले. 'बाळ'ला 'माळ' म्हणाली, 'मान'ला 'पान', 'पारा'ला 'बारा', 'मोळी'ला 'पोळी'.

मॅडम त्या चार शब्दांकडं बघत राहिल्या. मग मशीनकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"माइक चालू केला होतास?"

माइक बंद होता. मी पंचवीस शब्द बंद माइकमध्ये वाचले होते आणि गादीच्या भिंतीपलीकडून माझ्या आईनं त्यातले एकवीस ओळखले होते. मॅडम हळूच म्हणाल्या, "इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असं पाहिलं नाही." मग त्या उठल्या, आईच्या हातात एक बटण दिलं आणि काचेवरचा पडदा ओढला.

परत सुरुवात, आता मॅडमचा बटणावरचा हात आईला दिसत नव्हता. मॅडमनी बटण दाबलं. आवाज आला की आईनं आतून तिचं बटण दाबायचं, मग आमच्या बाजूला दिवा लागतो. दिवा लागला नाही. मॅडमनी आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. आम्हाला बाहेर, भिंतीतून, त्या हेडफोनचा आवाज ऐकू यायला लागला, आणि दिवा लागला नाही. मी त्या दिव्याकडं एवढं बघितलं आहे की अजून डोळे मिटले तरी दिसतो, विझलेला. खूप वेळानं एकदाचा लागला.

कारखान्याचा आवाज आणि लहानपणी वाहणारे कान, दोन्ही मिळून झालंय, मॅडमनी सांगितलं. आता परत येणार नाही. पण कानाला मशीन लावलं तर पुष्कळ ऐकू येईल. पडदा सरकवला तर आई आमच्या तोंडांकडं बघत होती.

"नापास का?" तिनं विचारलं.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. बाहेर पायरीवर मी तिच्यावर उखडले. कधीपासून? का नाही सांगितलं? आम्ही काय परके आहोत?

"तू चवथीत होतीस तवापास्नं कमी झालं," ती म्हणाली. "आन सांगून काय हुतंय? बहिरी म्हनून नाव पडलं की मानसं समोर बोलायचं सोडत्यात. मग मला कोन काय सांगंल? आता सगळी माज्याकडं तोंड करून बोलत्यात. माजं भागतंय की."

"आणि तो टेम्पो?"

"तो आंधळाच हुता," आई म्हणाली.

मशीन लावायला तिनं साफ नकार दिला. महिनाभर मी तिच्या मागं लागले. समजावलं, भांडले, एक दिवस जेवले नाही. तिनं माझं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः जेवली. कारखान्यात मशीनचा काय उपयोग, ती म्हणायची, तितं समदीच बहिरी, तितं मी हुशार हाय. वडिलांना सांगितलं तर त्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं मी भांडत हुतो ते?" आणि चप्पल घालून बाहेर गेले. त्यांना त्याचं फार लागलं.

शेवटी मी खोटं बोलले. म्हणाले, मशीन लावलेला पेशंट दाखवला नाही तर मला दहा मार्क मिळणार नाहीत. "मग आदी बोलायचं न्हाईस व्हय?" आई म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्यातनं अर्धी सुट्टी काढून कॉलेजात आली. दोन कानांमागं दोन मशीनं बसवली, महिनाभर वापरून बघायला. मॅडमनी ओठांसमोर वही धरून विचारलं, "ऐकू येतंय का?" आई दचकली. खोलीत कोण बोललं म्हणून तिनं आधी दाराकडं बघितलं. मग वहीमागच्या मॅडमना म्हणाली, "व्हय की." मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

घरी आल्यावर तिनं सगळ्यांना कामाला लावलं. पंख्याकडं बोट दाखवून वडिलांना विचारलं, "ह्यो कवापास्नं वरडतोय?" वडील म्हणाले, "बसवला तवापास्नं." तिनं बांगड्या काढून ठेवल्या, फार वाजतात म्हणून. फोडणी टाकली आणि स्वतःच दोन पावलं मागं सरकली. गल्लीतल्या काकूंना बोलावून कान दाखवले. तीच आई, जी नाव पडेल म्हणून नऊ वर्षं गप्प बसली होती. रस्त्यावर मागून हॉर्न वाजला की ती थांबायची, वळायची आणि गाडीला जाऊ द्यायची. मी पहिल्या दिवशी तिच्यामागून चालत जाऊन ते बघितलं. मला अगदी मोठं काही केल्यासारखं वाटलं. नारळ फोडला.

चौथ्या दिवशी सकाळची गोष्ट. मी ओट्याशी चपात्या लाटत होते. आई मागं खाली बसून मेथी निवडत होती. तिनं विचारलं, मशीनचा सेल रात्री काढायचा का तसाच ठेवायचा. मी सांगितलं, झाकण उघडून ठेवायचं. थोड्या वेळानं तिनं परत विचारलं. मी परत सांगितलं. मग तिनं तिसऱ्यांदा विचारलं, झाकण म्हणजे कुठलं. मला कॉलेजला उशीर होत होता.

मी तिच्याकडं न बघता, तव्यावरची चपाती उलटत म्हणाले, "गाढवापुढं वाचली गीता. वैताग आलाय नुसता हिचा."

आमच्या घरात आईच्या पाठीमागं, किंवा आपली पाठ तिच्याकडं असताना, असं बोलायची सवयच होती. मी बोलायचे, वडील बोलायचे. ते तिला लागत नव्हतं. ती काहीच म्हणायची नाही. आम्हाला वाटायचं, स्वभाव शांत आहे.

मागं मेथीची काडी मोडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मला म्हनलीस?" आई म्हणाली.

मी वळले. तिनं वर बघितलं नव्हतं. हातात मेथीची जुडी तशीच होती.

"असं रोज म्हनतीस काय गं?"

"नाही," मी म्हणाले. "आजच निघालं तोंडातून."

आता तिनं वर बघितलं, नेहमीसारखं, माझ्या ओठांकडं. तव्यावरची चपाती करपत होती. ती ओठांकडं बघत राहिली, मी पुढं काही बोलते का म्हणून. मी करपलेली चपाती उतरवली. मग तिनं मान खाली घातली आणि पुढची काडी घेतली.

"मशीन चांगलं हाय," ती म्हणाली. "समदं ऐकू येतंय."